पाणी वळले त्या भाऊबीजेला

बाबुलीने लवूला केसांना धरून माझ्या अंगणात ओढत आणले, तेव्हा मी अंकुशसाठी पाट मांडत होते. रांगोळीची शेवटची रेघ ओढून मी हात उचलला, तोच लवूची रक्ताळलेली टाच त्या रेघेवरून फरफटत गेली.

"वयनी, ह्यो बघा!" बाबुली ओरडला. बाबुली माझ्या यजमानांचा चुलतभाऊ, आणि आमच्या रापणीतला, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा, सर्वांत दांडगा माणूस. "वरच्या कड्याखाली आपल्या दिगूची होडी गावली. मधसून दोन तुकडे! आणि ह्यो कंबरभर पाण्यात तिच्याकडे उभो. फोडून झाली, आता पुरावो बुडवूक इललो!"

त्याच्यामागे वाडीतले सगळे पुरुष होते. कोणाच्या हातात वल्हे, कोणाच्या हातात कोयता. लवूचा एक डोळा बंद झाला होता आणि ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता. तो काही सांगू पाहत होता. पण त्याने तोंड उघडले की कोणीतरी ते पुन्हा फोडत होते.

दिगंबर माझा धाकटा मुलगा. पाडव्याच्या दुपारी तो लहान होडी घेऊन गेला होता. मामा भाऊबीजेला येणार, त्याच्या पानात ताजी मासळी हवी, म्हणून त्याने आदल्या दिवशी जाळे टाकून ठेवले होते. ते काढून संध्याकाळी परतायचा तो परतला नाही. पहाट होईपर्यंत वाडी त्याला शोधत होती. तरीही मी सकाळी सडा घातला, रांगोळी काढली, निरांजन घासले. दिगू कुठल्या तरी खाडीत थांबला आहे असे मी ठरवले होते, आणि मी ठरवले की आमच्या घरात ते तसेच असे.

आता होडीचे दोन तुकडे झाले आहेत हे ऐकल्यावर मी पाटाचा आधार घेतला नाही. उभी राहिले.

लवू कातळवाडीचा तांडेल, तिथल्या मच्छीमारांचा म्होरक्या. कातळवाडी हे आमच्या दांडेखोलच्या वरचे गाव. आमच्या किनाऱ्यावर उत्तरेला वर म्हणतात आणि दक्षिणेला खाली. दोन्ही गावांच्या मधोमध तो कडा. रापण कड्याच्या अलीकडे लावायची की पलीकडे, यावरून कोजागिरीला त्याची आणि दिगूची मारामारी झाली होती, आणि लवूने सर्वांच्या देखत म्हटले होते, "तुका समुद्रात गाडीन." हे वाक्य आता अंगणातल्या प्रत्येकाला पाठ होते.

"बाय, ओवाळणी मागसून," ओटीवरून अंकुश उतरला. माझा सख्खा धाकटा भाऊ. खालच्या बंदरावर त्याचा स्वतःचा ट्रॉलर होता, आणि सकाळीच तो त्याच ट्रॉलरने एक भली मोठी सुरमई आणि सोललेला, शेंडी राखलेला नारळ घेऊन आला होता. "पाडव्याक सगळा बंदर घरात निजललां," असे तो आल्या आल्या मला हसत म्हणाला होता, "फक्त तुझो भाव बाहेर पडलो. बहिणीक शिळा मासा कसो देऊ?" ती सुरमई आत चुलीवर शिजत होती.

त्याने लवूच्या बरगडीत लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"भावोजी, बघतास काय?" तो माझ्या यजमानांना म्हणाला. "तुमच्या झिलाचो जीव घेतल्यान ह्येनी. पोलिसांची वाट बघतलास? दगड बांधा आणि घाला पाण्यात."

यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी बाबुलीच्या हातातला कोयता घेतला. मी त्यांच्या संसारात पंचवीस वर्षे काढली होती. त्यांना राग आला की ते ओरडत आणि माणूस मारायचा झाला की गप्प होत.

"थांबा," मी म्हणाले. "माझ्या अंगणात माझ्या सबदाशिवाय रगत सांडूचा नाय."

"सांडलां कधीच, वयनी," बाबुली रांगोळीकडे पाहत म्हणाला.

"मगे आता पुरे. आधी माका सांगा, ह्येनीच होडी फोडली ह्या कशावरून?"

बाबुलीला हा प्रश्न मूर्खपणाचा वाटला असावा. पण मी विचारला होता म्हणून त्याने उत्तर दिले. "तुळशीच्या लग्नापर्यंत पाणी खाली जाता, वयनी. होडी कड्याखाली लागली, म्हणजे ती वरसूनच इली. वर कोण आसा? कातळवाडी. आणखी कोण?"

सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्या गावाचा नेम तसाच होता. नारळी पौर्णिमेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत पाणी खाली धावते असे धरायचे आणि रापणीचा पहिला दोर वरच्या टोकाला ठेवायचा. तुळशीचे लग्न लागले की पाणी वर धावते असे धरायचे आणि पहिला दोर खालच्या टोकाला न्यायचा. आजे-पणजे असेच करत आले होते. कित्येक वर्षे हा नेम जुळतही असे.

"अंकुश, तुका काय वाटता?" मी विचारले.

"वाटूचा काय त्याच्यात? पाणी खालीच जाता."

"तू बघलंस?"

"बघलंय. काल बघलंय, आज येताना बघलंय. खालीच."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने नजर वळवली नाही. लहानपणापासून तो तसाच खोटे बोलत असे, डोळ्यांत डोळे घालून.

आमचे वडील गलबतावर तांडेल होते. मंगळूरची कौले आणि कोळिकोडचे लाकूड घेऊन त्यांनी हा सबंध किनारा आयुष्यभर खाली-वर केला. आम्ही दोघे लहान असताना ते ओटीवर पितळी परात पाण्याने भरत, तिच्यात नारळाच्या सोडणाचा भुसा टाकत आणि आम्हाला एका कडेने फुंकर मारायला लावत. भुसा दुसऱ्या कडेला जमा झाला की म्हणत, "ही फुंकर म्हणजे पावसाळ्याचो वारो. ह्यो पाण्याक ढकलता." पुढे मी इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत भूगोल शिकले, तेव्हा परातीत जे दिसत नव्हते तेही समजले. पृथ्वी फिरते, म्हणून वाऱ्याने ढकललेले पाणी वाऱ्याच्या उजव्या अंगाला सरकते. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यालगत वारा वरून खाली वाहतो. पाणी त्याच्यासोबत खाली जाते, पण जाता जाता किनारा सोडून बाहेरही सरते. त्याची मोकळी जागा भरायला तळाचे गार पाणी वर येते. म्हणून पाऊस सरला तरी आमचा समुद्र पावलांना गार लागतो, आणि रापणीचा दोर ओढताना हात काकडतात.

मग वारा पडतो, फिरतो, जमिनीकडून येऊ लागतो. तेव्हा पूर्वेच्या उपसागरातले पाणी, सगळ्या मोठ्या नद्यांनी सौम्य केलेले, देशाच्या टोकाला वळसा घालून आमच्या दारावरून वर जाऊ लागते. ते ऊबदार असते. घाटावर लोक शेकोट्या पेटवतात, तेव्हा आम्ही एका पांघरुणावर निजतो, ते या पाण्याच्या जिवावर. मासळी पालटते, पहाटेचे दव पालटते. "पाणी वळलां," असे वडील म्हणत. आणि ते म्हणण्याआधी आम्हा भावंडांत ज्याला कळेल, त्याला वर्षातली पहिली नारळाची वडी मिळे.

ती वडी दरवर्षी अंकुशला मिळाली. मी त्याच्याहून मोठी आणि शिकलेली. पण पाण्याच्या बाबतीत मी त्याला एकदाही हरवू शकले नाही. तो पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, नुसता उभा राहिला तरी त्याला कळत असे.

त्या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता. दिवाळी खूप लांबली होती, आणि तुळशीचे लग्न त्याहून पुढे. नेम पंचांगाला बांधलेला होता. वारा पंचांग पाहून वळत नाही. पहाटे मी दिगूला हाका मारत गुडघाभर पाण्यात गेले, तेव्हा पाणी ऊबदार होते.

बाबुली चुकला हे मी समजू शकत होते. सबंध वाडी चुकली हेही. अंकुश चुकणे शक्य नव्हते.

"बरां," मी म्हणाले. "होडी काढा. ह्येका पाण्यातच घालूया."

अंगणातून एक आवाज उठला, भुकेल्या माणसांच्या पुढ्यात पान वाढल्यावर उठतो तसा. बाबुलीने लवूचे हात मागे बांधले आणि जात्याची जुनी तळी त्याच्या कमरेला आवळली. लवू माझ्याकडे एका डोळ्याने पाहत होता. मी त्याला काही सांगितले नाही. मी देव्हाऱ्यापाशी गेले, ओवाळणीच्या ताटातला अंकुशचा नारळ उचलला आणि पुळणीकडे निघाले.

आमच्याकडे बायका होडीवर पाय ठेवत नसत. मी ठेवला.

होडीत यजमान, बाबुली, दोघे वल्हेकरी, तळाशी लवू, आणि माझ्यासमोर फळीवर अंकुश. "तू कित्याक इलंस, बाय?" त्याने विचारले. "बायकांनी बघूचा नाय ह्या."

"झील माझो होतो," मी म्हणाले.

लाटा फुटायच्या रेघेपलीकडे आलो. उन्हे चढली होती, समुद्रावरचा वारा सुरू झाला होता. तो वरून, वायव्येकडून येत होता. माझा पदर खालच्या अंगाला उडत होता. बाबुलीने लवूला बगलेत धरून होडीच्या काठावर घेतले.

"दगड सोडव तेचो," मी म्हणाले.

"काय?"

"सोडव, सांगतंय ना."

बाबुलीने यजमानांकडे पाहिले. यजमानांनी माझ्याकडे. मग बाबुलीने लवूला तळाशी ठेवून दगड सोडवला. मी नारळ पाण्यात सोडला.

"नांगर टाका. वल्ही वर घ्या. कोणी बोलू नका. भरती-ओहोटी नारळाक भायर-आत नेता. किनाऱ्याच्या लांबीक नेता तो पाण्याचो ओढो. वारो खंयचो ता तुमका दिसता हा. आता बघा."

नारळ दोन लाटांवर डुलला. मग वाऱ्याच्या उलट, कोणी दोरीने ओढावा तसा, तो हळूहळू वर निघाला. कड्याच्या दिशेने. कातळवाडीच्या दिशेने. बाबुलीचे तोंड उघडेच राहिले.

"पाणी वळलां," यजमान म्हणाले. सकाळपासूनचे ते त्यांचे पहिले शब्द.

"म्हणजे होडी खालसून इली," मी म्हणाले.

अंकुश हसला. "भोवरो असतलो, बाय. कड्याकडे पाणी फिरता. एका नारळावर काय ठरता? नारळ काय साक्षीदार?"

"बरोबर," मी म्हणाले. "नारळ साक्षीदार नाय. तू आसस. तू बघलंस ना, पाणी खाली जाता?"

"बघलंय."

"तुझा घर खाली आसा. तू पाण्यात मोठो झालंस, तुका बुडूचा भय नाय. उतर. पाणी तुका घरी पोचवीत."

त्याला वाटले मी थट्टा करते आहे. मग माझा चेहरा पाहून त्याचे हसू थांबले. "भावोजी, हिचा डोक्या फिरलां," तो यजमानांना म्हणाला. "पोराच्या दुःखान—"

यजमानांनी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला होडीबाहेर ढकलले.

तो वर आला तेव्हा होडीपासून वावभर दूर होता, आणि वरच्या अंगाला. त्याने खालच्या बाजूला हात मारायला सुरुवात केली. तो पट्टीचा पोहणारा होता. हात मारत राहिला आणि होडीच्या वरच राहिला. शेवटी पाण्याशी भांडून धापा टाकत त्याने होडीचा काठ पकडला. बाबुलीने त्याच्या डोक्यावर वल्हे उगारले.

"पाणी वर जाता गे, बाय!" तो किंचाळला. "वर जाता! कालपासून वर जाता! माका होडयेत घे!"

"म्हायत होता तर खाली कित्याक म्हणालंस?"

बाबुलीने वल्हे हाणले. ते डोक्यावर न बसता खांद्यावर बसले. खांदा खाली उतरला, पण अंकुशने दुसऱ्या हाताने काठ सोडला नाही. पाण्यात त्याच्याभोवती तांबूस वलय पसरत होते.

"दिवो नव्हतो," तो रडत म्हणाला. "माझ्या ट्रॉलरार दिवो नव्हतो. तिन्हीसांजा झालली. तुमच्या रापणीच्या पाण्यात होतंय, दिवो लावलंय असतंय तर तुमका दिसलंय असतंय. माका होडी दिसलीच नाय. फळी कडाडली तेव्हा कळला."

"मगे?"

"हाक मारल्यान तेनी."

"काय म्हणान?"

तो सांगेना. यजमानांनी त्याच्या काठावरच्या बोटांवर कोयत्याची मूठ आपटली.

"मामा म्हणान!" तो ओरडला. "मामा, मामा म्हणान! ट्रॉलर वळखल्यान तेनी! दोनदा हाक मारल्यान. मी वळलंय नाय. वळलंय असतंय तर तुमी ट्रॉलर पेटवलात असता, माका मारलात असता—"

वारा होता, लाटा होत्या. तरी मला वाटते त्या क्षणी होडीत कोणालाही काही ऐकू आले नसावे. माझ्या डोळ्यांसमोर चुलीवरची सुरमई होती. ती त्याच संध्याकाळी त्याने टाकलेल्या जाळ्यातली होती.

तेव्हा तळाशी पडलेला लवू बोलला. ओठ फाटल्यामुळे शब्द ओले येत होते.

"काकी, दिगू आमच्या पुळणीर आसा."

सगळे त्याच्याकडे वळले.

"जाळ्याच्या बोयांत गुतललो, म्हणान बुडाक नाय. सकाळी लागलो. मी माजो पंचो घातलंय तेच्यार, बायलेक राखणीक बसवलंय. तुमका सांगूकच येय होतंय, वाटेत होडी दिसली. सांगलंय असतंय आमच्या पुळणीर आसा म्हणान, तर ह्येनी थंयच मारल्यानी असता माका."

बाबुलीच्या हातातले वल्हे खाली आले. त्याने एका वल्हेकऱ्याच्या कमरेचा कोयता घेऊन लवूच्या हातांची दोरी कापली. घाईत तो लवूच्या मनगटाला लागला. लवू "ऱ्हवांदे" एवढेच म्हणाला.

यजमानांनी कोयता सुलटा केला. आता त्यांना कोणाची परवानगी नको होती. अंकुशने त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्याकडे वळला.

"बाय, आज भाऊबीज आसा गे," तो म्हणाला.

मी यजमानांचे मनगट धरले. "नको," मी म्हणाले. "ओवाळून घेवक इललो तो. माझ्या होडयेच्या काठार तेचो जीव जावचो नाय."

अंकुशने डोळे मिटले. सुटलो असे त्याला वाटले. मी पुढे वाकले. तीन बोटे मोडली होती; तरी त्या हाताने तो काठाला चिकटून होता. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन पाण्यात नेई, तेव्हा तो याच हाताने माझा पदर धरून ठेवी. मी एक एक बोट उचलले. मोडकी आधी, धड मागाहून.

"जा," मी म्हणाले. "पाणी तुका दिगूकडेच नेता."

ते नेत राहिले. एका हाताने पोहत, ओरडत तो कड्याला वळसा घालून गेला. कोणी वल्हे मारले नाही. नारळही त्याच्या थोडा पुढे दिसत होता.

होडी परत किनाऱ्याला लावून आम्ही डोंगरवाटेने कातळवाडीला पोहोचलो तेव्हा तो जिवंत होता. कातळवाडीकरांनी दोर टाकून त्याला बाहेर ओढले होते, माझा भाऊ म्हणून. त्यांना अजून काही ठाऊक नव्हते. लवूच्या पंच्याखाली माझा मुलगा होता, आणि त्याच्यापासून हाताच्या अंतरावर अंकुश वाळूत गुडघ्यात डोके घालून बसला होता. लवूच्या बायकोने त्याला पेज दिली होती. ती वाटी तशीच भरलेली होती.

पुढचे पोलिसांनी आणि कोर्टाने केले. अंकुश शिक्षा भोगून परतला. त्याचा ट्रॉलर त्याच दुपारी दांडेखोलच्या पुळणीसमोर जळाला. तो कोणी पेटवला हे पोलिसांना आजतागायत समजलेले नाही, आणि मी सांगणार नाही. आमचा रापणीचा नेम मात्र मी बदलायला लावला. आता दोर ठेवण्याआधी दर पंधरवड्याला पाण्यात नारळ सोडतात आणि मग टोक ठरवतात. लवू त्यानंतरच्या प्रत्येक भाऊबीजेला माझ्याकडे पाटावर बसला, तो गेला त्या वर्षापर्यंत.

शिक्षेवरून परतल्यापासून अंकुश दर भाऊबीजेला बंदरावरून एक नारळ धाडतो. निरोप नसतो. मी तो नारळ फोडत नाही, परतही पाठवत नाही. पुळणीवर जाऊन पाण्यात सोडते. बहुतेक वर्षी तो वर जातो, कड्याला वळसा घालून, त्याच पुळणीकडे. मी तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहते.

यंदा दिवाळी फार लवकर आली. मी सुनेच्या, थोरल्याच्या बायकोच्या, हाताला धरून पाण्यात उतरले, तर पाणी अजून गार होते. नारळ सोडला. तो थोडा वेळ जागीच डुलला आणि खाली निघाला, बंदराकडे.

"आई, आज उलटा कसा गेला?" सुनेने विचारले.

"पाणी वळूचा आसा अजून," मी म्हणाले, आणि घरी चलण्याची खूण केली. ती वळली. मी वळले नाही. नारळ दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले, दरवर्षीसारखीच.